फिश टँकचा फोटो धूसर का येतो? शिरूर-दौंडच्या घरांत मोबाईलवर माशाचा नीट फोटो काढायचा कसा

स्टेटसला टाकलेला घरच्या फिश टँकचा फोटो डोळ्यांपुढे आणा. मधोमध ट्यूबलाइटची पांढरी पट्टी, बाजूला मोबाईल धरलेला हात, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि कोपऱ्यात एक नारिंगी ओरखडा. तो ओरखडा म्हणजे गोल्डफिश. खाली पहिली कमेंट ठरलेली, "मासा कुठंय?"

दोष सगळा मोबाईलवर जातो. कॅमेरा साधा आहे, नवीन घेतला की काढू चांगले फोटो, असं आपण म्हणतो. पण लाखभराचा फोन घेतला तरी ती ट्यूबलाइटची पट्टी तिथंच राहणार, फक्त आणखी स्पष्ट दिसणार. फोटो बिघडतो तो काच, पाणी आणि खोलीतला उजेड या तिघांमुळे, आणि या तिन्ही गोष्टी फुकटात सुधारता येतात.

आता कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? लाइक्ससाठी केली तरी काही हरकत नाही. पण दुसरंही एक कारण आहे. कुत्रा आजारी पडला तर तालुक्याच्या गावात जनावरांचा डॉक्टर मिळतो. मासा आजारी पडला तर शिरूर काय, दौंड काय, घरी येऊन बघणारं सहसा कोणी नसतं. मग आपण दुकानदाराला, पुण्यातल्या एखाद्या जाणकाराला नाहीतर माशांच्या ग्रुपवर फोटो पाठवतो. समोरच्यासाठी तो फोटोच पेशंट असतो. फोटोत पांढरा ठिपका हा आजार आहे, पाण्यातला बुडबुडा आहे की काचेवरचा डाग, हे कळलं नाही तर औषध चुकतं. आणि छोट्या टँकमध्ये चुकीच्या औषधाचा परिणाम एकट्या त्या माशावर होत नाही, सगळ्यांवर होतो.

आधी काचेकडे बघा

शिरूर आणि दौंड हा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा पट्टा. इथलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. गिझरमध्ये, बादलीच्या कडेला, बाथरूमच्या नळावर जो पांढरा थर धरतो तोच थर टँकच्या काचेवरही धरतो. उन्हाळ्यात टँकमधलं पाणी भराभर उडतं, पण क्षार उडत नाहीत. आपण वरून पुन्हा बोअरचं पाणी घालतो, म्हणजे आणखी क्षार घालतो. पाण्याच्या रेषेवर पांढरी किनार दिसायला लागते, काचेवर शिंतोड्यांचे ठिपके राहतात. रोज बघून आपली नजर त्यांना सरावते, कॅमेरा मात्र सरावत नाही. बरेचदा तो माशाऐवजी त्या ठिपक्यावरच फोकस करतो.

हा थर नुसत्या ओल्या फडक्यानं जात नाही. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात फडकं भिजवून पुसलं की सुटतो, कारण तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लात विरघळतो. बाहेरची काच अशी बिनधास्त पुसा. आतली किनार पुसायची असेल तर पाणी चार बोटं खाली घ्या, पुसा, साध्या पाण्याच्या फडक्यानं पुन्हा पुसा, मग पाणी भरा. साबण किंवा काच पुसायचा स्प्रे टँकच्या आसपासही नको. आतल्या हिरव्या शेवाळाच्या थराला जुनं एटीएम कार्ड उत्तम चालतं. फक्त कार्डाखाली वाळूचा कण आला नाही ना, ते बघा. त्या एका कणानं काचेवर पडलेली चीर पुढच्या प्रत्येक फोटोत दिसते.

हे काम आदल्या दिवशी संध्याकाळी करायचं. ढवळलेला गाळ बसायला आणि फिल्टरला पाणी गाळून घ्यायला एक रात्र लागते. पाणी बदलणार असाल आणि ते नगरपालिकेच्या नळाचं असेल तर त्यात क्लोरीन असतो. पाणी आधी एक दिवस उघडं ठेवा किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन घालवायचं औषध टाका. फोटोच्या घाईत नळाचं पाणी थेट ओतून माशांचे कल्ले जाळू नका.

रात्रीच्या रेल्वेची खिडकी

दौंड जंक्शनवरून रात्रीची गाडी सुटते. डब्यात दिवे चालू असतात. खिडकीच्या काचेतून बाहेर बघा, काय दिसतं? आपलंच तोंड. बाहेर भीमेचा पूल येऊन जातो, पण कळतही नाही. कोणीतरी डब्यातले दिवे मालवले की त्याच काचेतून बाहेरची शेतं, बांधावरची झाडं, लांबच्या वस्तीचे दिवे दिसू लागतात. काच तीच असते. बदलतं ते एवढंच, की काचेच्या कोणत्या बाजूला उजेड जास्त आहे.

फिश टँकचं नेमकं हेच आहे. हवेतून काचेवर पडणाऱ्या उजेडातला साधारण ४ टक्के उजेड काच परत फेकते. ऐकायला हे थोडं वाटतं, पण खोलीत लख्ख ट्यूब आणि टँकमध्ये मिणमिणता दिवा असेल तर ते ४ टक्के माशावरून येणाऱ्या उजेडाशी बरोबरी करतात. म्हणून सगळ्यात मोठी सुधारणा एका बटणात आहे. खोलीतले दिवे बंद करा, पडदे ओढा, टीव्ही बंद करा आणि टँकचा दिवा तेवढा चालू ठेवा. दिवसा पडदे पुरत नसतील तर सूर्य मावळल्यावर काढा.

तरीही थोडं प्रतिबिंब उरतं, ते बहुतेक तुमचंच असतं. मोबाईलची चकचकीत पाठ, पांढरा शर्ट, हातातलं घड्याळ. गडद रंगाचा शर्ट घाला. स्टेशनरीच्या दुकानातून काळा कार्डशीट आणा, त्याला कॅमेऱ्याएवढं भोक पाडा आणि फोनच्या पाठीला चिकटवा. काच आता समोरचा काळा कागद परत दाखवते, म्हणजे काहीच दाखवत नाही. शोरूमच्या काचेतून वस्तूंचे फोटो काढणारे हीच युक्ती वापरतात. फोनची कडा काचेला जवळजवळ टेकवली तरी फायदा होतो, फक्त काचेवर टकटक करू नका. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगानं जातो आणि माशाला तो धक्का सगळ्या अंगाला जाणवतो.

तिरकं धरलं की बिघडलं

विहिरीचा तळ आहे त्यापेक्षा वर दिसतो, पाण्यात घातलेली काठी वाकडी दिसते, हे शाळेत शिकलेलं इथं कामाला येतं. पाण्यातून हवेत येताना उजेड वळतो. समोरच्या काचेपासून १२ सेंटिमीटर आत असलेला मासा आपल्याला साधारण ९ सेंटिमीटरवर असल्यासारखा दिसतो. त्यामुळेच टँकमधला मासा हातात घेतल्यावर वाटतो त्यापेक्षा मोठा भासतो आणि दुकानातून घरी आल्यावर "लहान दिला काय?" असा संशय येतो.

फोन काचेला अगदी समोरून, काटकोनात धरला तर या वळण्याचा त्रास होत नाही. तिरका धरला की होतो. निळा उजेड जरा जास्त वळतो, लाल जरा कमी, आणि माशाच्या कडेला रंगीत झालर उमटते. शिवाय सगळा मासाच पुसट होतो. म्हणून मासा कोपऱ्यात गेला तर फोन तिरका करू नका, तुम्ही सरका. आणि उभ्यानं वरून खाली काढू नका. स्टूल घ्या, खाली बसा, कॅमेरा माशाच्या डोळ्याच्या उंचीला आणा. फोटोत जान येते ती इथून.

गोल बाऊलमध्ये हे काहीच जमत नाही. बाऊल म्हणजे पाण्यानं भरलेलं भिंगच. त्यात मासा एकदा फुगतो, एकदा चपटा होतो, आणि कितीही प्रयत्न केला तरी कडा सरळ येत नाही. माशासाठीही बाऊल वाईटच, पाणी कमी आणि फिल्टरला जागा नाही. टेबलावर शोभेला ठेवायची हौस असेल तर त्यात मनीप्लांट ठेवावा.

अंधार केला, आता मासा हलतोय

खोली अंधारली की फोनला वाटतं रात्र झाली. तो आपणहून नाइट मोड चालू करतो, म्हणजे एकामागून एक बरेच फोटो काढून एकत्र जोडतो. इमारतीसाठी हे छान, माशासाठी नाही. दोन शेपट्यांचा आणि पारदर्शक डोक्याचा मासा तयार होतो. म्हणून नाइट मोड बंद करा.

हलता मासा थांबवायचा तर शटर लवकर बंद व्हायला हवं. संथ एंजल किंवा फायटर असेल तर सेकंदाचा १२५वा भाग पुरतो, गप्पी आणि टेट्रासारख्या चपळ माशांना २५०वा लागतो. पण शटर जितकं जलद तितका आत येणारा उजेड कमी. फोन मग आयएसओ वाढवून भरपाई करतो आणि फोटोत दाणे येतात. आयएसओ ८०० च्या आत राहिला तर चित्र बरं राहतं. थोडक्यात, टँकमध्येच उजेड वाढवायला हवा.

इथं घरोघरी असलेली एक वस्तू उपयोगी पडते. लाइट जाण्याची सवय असलेल्या आपल्या भागात चार्जिंगचा एलईडी दिवा बहुतेक घरांत असतोच. तो टँकच्या वरच्या काचेवर, तोंड खाली करून ठेवा. बॅटरीवरचाच दिवा घ्या. वायरवाला टेबललॅम्प पाण्यावर लटकवण्याचं धाडस करू नका, २३० व्होल्ट आणि पाणी यांची गाठ फोटोसाठी घालून देण्यासारखी नाही.

बॅटरीच्या दिव्याचा आणखी एक फायदा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी पट्टी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असते. डोळ्याला कळत नाही, पण जलद शटरला कळतं, आणि फोटोत आडव्या काळ्या पट्ट्या येतात. व्हिडिओत तर त्या वरखाली सरकताना दिसतात. असं झालं तर प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/१०० किंवा १/५० करा, पट्ट्या जातील. मग चपळ मासा पुसट येईल, ही त्यातली अडचण. बॅटरीच्या बऱ्याच दिव्यांत ही फडफड नसते. फोनचा कॅमेरा चालू करून दिव्याकडे धरा, स्क्रीनवर पट्ट्या सरकल्या नाहीत तर दिवा कामाचा.

प्रो मोड नसलेल्या फोनवरही एक गोष्ट करता येते. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो. माशाच्या मागे फोन पळवण्याऐवजी मासा नेहमी जिथून जातो तिथल्या पानावर किंवा दगडावर फोकस बांधा आणि थांबा. टँकमधले मासे ठरलेल्या वाटांनी फिरतात, दहा मिनिटं नुसतं बघितलं की वाट कळते. वळताना मासा क्षणभर थबकतो. त्या वेळी बर्स्ट सोडा, पंधरा-वीस फोटो निघू द्या. त्यातला एक चांगला निघाला तरी भरपूर झाला. बाकीचे मात्र त्याच दिवशी डिलीट करा, नाहीतर महिन्यात फोन भरेल.

फ्लॅशने मासा आंधळा होतो का?

हा प्रश्न दर वेळी निघतो. माशाला पापण्या नसतात आणि बहुतेक माशांची बाहुली आपल्यासारखी झटकन आकसत नाही, त्यामुळे भीती वाटणं स्वाभाविक आहे. २०१९ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात समुद्रतळावर राहणाऱ्या माशांवरचा एक अभ्यास आला होता. त्यात समुद्रघोडेही होते. फ्लॅशमुळे त्यांच्या डोळ्यांना इजा झाल्याचं त्यात आढळलं नाही. माशांना जास्त त्रास झाला तो फोटोसाठी त्यांना हात लावण्याचा, ढोसण्याचा. तो अभ्यास घरच्या गप्पीवर नव्हता, पण त्यातून अंदाज येतो. रीलसाठी माशाला जाळीत धरून ग्लासमध्ये टाकणं, ओंजळीत घेणं, हे फ्लॅशपेक्षा कितीतरी वाईट. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं रोगांपासूनचं संरक्षण, आणि जाळी तोच खरवडते.

फोनचा फ्लॅश तरीही वापरू नकाच, पण कारण वेगळं आहे. तो लेन्सच्या शेजारी असतो, त्यामुळे काचेवर आदळून थेट परत येतो. फोटोत पांढरा गोळा दिसतो, मासा नाही. शिवाय अंधारात अचानक झोत पडला की मासे दचकून काचेवर आपटतात. दिवे लावायचा क्रमही म्हणूनच सांभाळा. आधी खोलीतला, मग टँकचा, मग जास्तीचा, आणि शेवटी खोलीतला बंद.

दिवे लावल्या लावल्या फोटो काढायलाही बसू नका. निऑन टेट्राच्या अंगावरची निळी पट्टी हा रंगाचा थर नाही. कातडीखालच्या सूक्ष्म स्फटिकांवरून उजेड परतताना तो निळा दिसतो, आणि अंधारात ती पट्टी फिकी पडते. रात्रीनंतर लगेच बघितलं तर मासा आजारी वाटावा इतका पांढुरका असतो. अर्धा तास द्या. घाबरलेला मासाही रंग टाकतो. नुकताच दुकानातून आणलेला मासा फिका आला म्हणून नाराज होऊ नका, दोन-तीन दिवस त्याला स्थिरावू द्या.

चंदेरी माशांची वेगळी गंमत आहे. त्यांच्या खवल्यांत ग्वानिनचे स्फटिक असतात आणि ते आरशाचं काम करतात. वरून उजेड पडला की पाठ पांढरीफेक आणि पोट काळं येतं. तळाला फिक्या रंगाची वाळू असेल तर ती खालून उजेड परत फेकते आणि पोटाची बाजू उजळते. टँकमागे काळा कागद लावला असेल तर फोनला सगळं अंधारं वाटून तो मासा जास्तच उजळ करतो. अशा वेळी स्क्रीनवरची उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. नारिंगी गोल्डफिशला काळी पाठ शोभते, काळ्या मोलीला अर्थातच नाही.

बुडबुड्यांमुळे त्रास होत असेल तर एअर पंप दहा मिनिटं बंद करा, त्याहून जास्त नको. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. दौंडच्या मे महिन्यातल्या दुपारी गर्दीच्या टँकचा पंप बंद करून फोटोसेशन करणं म्हणजे माशांची परीक्षाच.

आणि इन्स्टावर दिसणारे ते जंगलासारखे टँक बघून खट्टू होऊ नका. या प्रकाराला जगभर लोकप्रिय केलं ते जपानच्या ताकाशी अमानो यांनी (१९५४-२०१५), आणि ते स्वतः फोटोग्राफर होते. त्यांच्या कंपनीनं २००१ मध्ये सुरू केलेल्या जागतिक स्पर्धेत टँक पाठवायचा नसतो, त्याचा फोटो पाठवायचा असतो. फोटोपुरते फिल्टरचे पाइप बाहेर काढतात, पाण्यावर सुंदर लहर उठावी म्हणून काहीजण हेअर ड्रायरची हवा मारतात. रोजचा टँक त्यांच्याही घरी तसा दिसत नाही.

आजारी माशाचा फोटो वेगळा काढायचा

इथं सौंदर्य बाजूला ठेवा. फिल्टर नको, रंग वाढवणं नको, गुलाबी-निळी एलईडी तर नकोच. पांढऱ्या उजेडात तीन फोटो हवेत. एक पूर्ण बाजूचा, मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत. दुसरा बरोबर वरून. जलोदर झालेल्या माशाचे खवले उभे राहतात आणि मासा कणसासारखा दिसतो, हे बाजूपेक्षा वरून आधी लक्षात येतं. वरून काढताना पंप मिनिटभर बंद ठेवा म्हणजे पाणी आरशासारखं सपाट राहील. तिसरा फोटो सगळ्या टँकचा. टँक किती मोठा, मासे किती, फिल्टर कुठला, हे जाणकाराला त्यातून कळतं आणि निम्मं उत्तर तिथंच असतं.

पांढऱ्या ठिपक्यांचा आजार असेल तर दिवा एका बाजूनं, तिरका पाडा. साखरेच्या दाण्यासारखे ठिपके त्यात उठून दिसतात. समोरून उजेड पाडला तर ते खवल्यांच्या चकाकीत हरवतात. याशिवाय दहा सेकंदांचा व्हिडिओ जोडा. कल्ले किती वेगानं हलतात, मासा तिरका पोहतो का, तळाला अंग घासतो का, हे फोटोत येत नाही.

पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका. ते फोटो आकुंचन पावतो आणि नेमके बारीक ठिपकेच जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि मासा बरा असतानाचे फोटोही ठेवा. दर रविवारी त्याच जागेवरून, त्याच दिव्यात एक फोटो काढला तर शेपटी झिजतेय की ती मुळातच तशी होती, हा वाद मिटतो.

हेच उलटं विकत घेताना. ग्रुपवर विक्रीला येणाऱ्या फ्लॉवरहॉर्नचा रक्तासारखा लाल रंग बरेचदा लाल एलईडीचा असतो. पैसे पाठवण्याआधी पांढऱ्या उजेडातला व्हिडिओ मागा. विकणारा तो द्यायला कां-कूं करत असेल तर काय समजायचं ते समजा.

घोड, भीमा आणि उजनीतला सकर

आपल्याकडे आहे तो मासा नक्की कोणता, हेही फोटोवरूनच ठरतं. या भागात ही जुनी गोष्ट आहे. कर्नल विल्यम सायक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यानं दख्खनच्या नद्यांमधल्या माशांची वर्णनं १८३९ च्या सुमारास लंडनमध्ये प्रसिद्ध केली. त्यातल्या काही माशांचं मूळ ठिकाण त्यानं 'पेअरगावजवळची भीमा' असं दिलं आहे. हे पेअरगाव म्हणजे दौंडच्या पलीकडच्या तीरावरचं, बहादूरगडाचं पेडगाव. शास्त्रीय नावं देताना त्यानं इथल्या लोकांच्या तोंडची नावंच उचलली. रोहटी, ताकरी, खुद्री ही नावं आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात चालतात. त्याच्या बऱ्याच माशांचे मूळ नमुने मात्र आज उपलब्ध नाहीत, अभ्यासकांना वर्णनं आणि चित्रांवर विसंबावं लागतं. मेलेल्या माशाचा रंग तासाभरात उतरतो, फॉर्मेलिनमध्ये तर उरतच नाही. म्हणूनच आजचे अभ्यासक नदीकाठी छोटा काचेचा टँक घेऊन जातात आणि मासा जिवंत असताना त्याचा बाजूनं फोटो घेतात. तुमच्या हॉलमधल्या टँकसमोर तुम्ही करता तेच.

या नद्यांत आता बाहेरचे मासेही आहेत. त्यातला सकर आपल्या ओळखीचा. काच साफ करतो म्हणून दोन इंचाचा आणला जातो, शेवाळ संपतं, मासा वाढतो, टँक पुरत नाही, आणि मग एक दिवस "जीव आहे, मारायचा कसा" म्हणून नदीत सोडला जातो. शिरूरला घोड नदीत सोडलेला मासा पुढे भीमेत येतो, दौंडवरून खाली उजनीच्या फुगवट्यात जातो. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात सकर सापडू लागल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. दक्षिण अमेरिकेतला हा मासा, अंगावर खरखरीत हाडांची चिलखतं आणि पंखांना काटे. जाळं फाडतो आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. भिगवणच्या बाजूला मासेमारीवर जगणाऱ्या घरांना त्याचा भुर्दंड पडतो.

दुकानात 'सकर' या एकाच नावाखाली वेगवेगळे मासे मिळतात. काही बोटभर राहतात, काही दीड फुटांपर्यंत जातात. दोन इंचाचे असताना ते सारखेच दिसतात, पण फोटोत फरक पकडता येतो. सुदैवानं सकरइतका आज्ञाधारक मॉडेल दुसरा नाही. तो समोरच्या काचेला पोट चिकटवून तासन्‌तास बसतो. काच पुसा, खोली अंधारी करा, फोन काटकोनात धरा आणि त्याच्या पोटाचा फोटो घ्या. पोटावर ठिपके किंवा गांडुळासारख्या वळवळत्या रेषांची नक्षी असेल तर तो बहुधा मोठा होणाऱ्या जातीचा. मग तो तळाला उतरून पाठीवरचा पंख उभारेपर्यंत थांबा, बाजूनं फोटो घ्या आणि झूम करून पंखाच्या काड्या मोजा. सात-आठ असतील तर मासा दुसऱ्या, बरेचदा लहान राहणाऱ्या कुळातला असू शकतो. दहा किंवा जास्त असतील तर उजनीत गेलेला तो हाच. दोन्ही फोटो दुकानदाराला दाखवून लहान असतानाच परत घेतोस का विचारा, नाहीतर चार फुटी टँकची तयारी ठेवा.